उमेदवाराची फौजी सेवा : वाद घालण्याआधी डिस्चार्ज बुक उघडा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

सातारा आणि सांगली जिल्ह्यांत निवडणूक ग्रामपंचायतीची असो की लोकसभेची, 'माजी सैनिक' म्हणून एखादा तरी उमेदवार उभा राहतोच. तो उभा राहिला की त्याची माणसं त्याला 'कारगिल योद्धा' करून टाकतात. समोरचे म्हणतात, 'हा कसला फौजी, स्टोअरात घोंगड्या मोजत होता', नाहीतर सरळ 'पळून आलाय'. दोन्हीकडचे लोक एकही कागद न बघता बोलतात आणि वर्तमानपत्रं दोन्ही बाजू शेजारी शेजारी छापतात. वाचकाच्या हाती काहीच लागत नाही. सातारा तालुक्यातल्या अपशिंगे गावाच्या नावातच 'मिलिटरी' आहे, पहिल्या महायुद्धात त्या एका गावची ४६ माणसं कामी आली. अशा जिल्ह्यात तरी हा वाद ऐकीव गोष्टींवर होऊ नये. कागद असतात. त्यांत काय लिहिलेलं असतं आणि ते वाचताना चूक कुठे होते, हे सांगण्यासाठी हे पत्र.

पहिला कागद म्हणजे सेवा संपताना मिळणारं डिस्चार्ज बुक. सेना अधिनियम १९५० च्या कलम २३ प्रमाणे सेवा संपणाऱ्या प्रत्येक जवानाला आणि जेसीओला (ज्युनिअर कमिशन्ड ऑफिसर, म्हणजे नायब सुभेदार ते सुभेदार मेजर) त्याच्या कमांडिंग ऑफिसरनं प्रमाणपत्र द्यावंच लागतं, आणि तेही इंग्रजीबरोबर त्याच्या मातृभाषेत. त्यात तीन गोष्टी असतात : सेवा कुणाच्या अधिकारानं संपवली, कशामुळे संपवली आणि एकूण सेवा किती झाली. निवडणुकीतल्या दहापैकी आठ वादांचं उत्तर या तीन ओळींत असतं. पुस्तकात पुढे नंबर, हुद्दा, ट्रेड म्हणजे कामाचा प्रकार, भरतीची तारीख, पदकं आणि 'कॅरेक्टर' म्हणजे वर्तणुकीचा शेरा येतो. अधिकाऱ्यांचं वेगळं. त्यांचं कमिशन (अधिकारी म्हणून नेमणूक), बढती आणि निवृत्ती भारताच्या राजपत्रात, भाग १ विभाग ४ मध्ये छापून येते. ती कुणालाही शोधता येते.

सगळ्यांत जास्त गैरसमज होतो तो सेवा संपण्याच्या कारणावरून. सेना नियम १९५४ मधला नियम १३ याच विषयाचा आहे. शपथ घेतलेल्या जवानाच्या बाबतीत त्यातली पाच पोटकलमं पुस्तकात उतरतात. 'ऑन फुलफिलिंग द कंडिशन्स ऑफ एन्रोलमेंट' असेल, तर माणसानं ठरलेली मुदत पुरी केली. आपल्याकडचे बहुतेक पेन्शनर याच ओळीवर आलेले आहेत. 'अॅट हिज ओन रिक्वेस्ट' म्हणजे मुदतीआधी स्वतः अर्ज करून आला. वैद्यकीय कारण असेल, तर मेडिकल बोर्डानं पुढच्या सेवेला अयोग्य ठरवलं. आपल्या बोलण्यात त्याला 'बोर्डआऊट' म्हणतात. राखीव दलात जागा नसल्यानं सोडल्याचंही एक पोटकलम आहे. उरलेलं सगळं पाचव्या पोटकलमात जातं आणि तिथे बऱ्याचदा 'सर्व्हिसेस नो लाँगर रिक्वायर्ड', म्हणजे 'सेवेची आता गरज नाही', असे शब्द दिसतात. प्रश्न विचारायचाच असेल तर इथे विचारावा. बाकीच्या चार ओळींवरून कुणाची लायकी काढायचं काहीच कारण नाही.

स्वतःच्या अर्जावरून आलेल्याला आपल्याकडे पटकन 'पळपुटा' म्हणतात. हे मला मुळीच मान्य नाही. घरची जमीन कसायला कुणी नसतं, बाप अंथरुणाला खिळतो, बायको एकटी पडते. असा अर्ज कंपनी कमांडरपासून वरपर्यंत तपासला जातो आणि मग मंजूर होतो. मंजूर अर्जावर घरी आलेल्या माणसाची सेवा नियमाप्रमाणे संपलेली असते.

पळून जाणं ही निराळी गोष्ट आहे आणि तिची नोंदही निराळी होते. जवान परवानगीशिवाय ३० दिवस गैरहजर राहिला की सेना अधिनियमाच्या कलम १०६ प्रमाणे कोर्ट ऑफ इन्क्वायरी (चौकशी मंडळ) बसते आणि त्यानंतर त्याला कागदोपत्री फरारी धरलं जातं. फरारीचा गुन्हा कलम ३८ चा, विनापरवाना गैरहजेरीचा कलम ३९ चा. सुट्टी उलटून चार दिवस उशिरा पोचणं हा दुसऱ्या प्रकारात येतो. त्याची शिक्षा कमांडिंग ऑफिसर कलम ८० खाली देतो आणि ती जास्तीत जास्त २८ दिवसांची लष्करी कैद असते. पुस्तकाच्या एखाद्या पानावर अशी एक शिक्षा दिसली म्हणून 'भगोडा' असा मथळा देणं म्हणजे निव्वळ बदनामी.

शिक्षांच्या नोंदी लाल शाईनं होतात, म्हणून त्यांना 'रेड इंक एन्ट्री' म्हणतात. चार लाल नोंदी झाल्या की माणसाला घरी पाठवतात, असा पलटणीत सार्वत्रिक समज आहे. तोही पुरता खरा नाही. सर्वोच्च न्यायालयानं २०१५ साली वीरेंद्र कुमार दुबे यांच्या प्रकरणात सांगितलं की केवळ चार नोंदींच्या आकड्यावर डिस्चार्ज देता येत नाही. आधी चौकशी करावी लागते, त्याची सेवा किती झाली, कुठल्या कठीण ठाण्यावर झाली, हे पाहावं लागतं. म्हणून लाल नोंदी मोजून कुणाला 'हाकललेला' ठरवण्याआधी डिस्चार्ज कुठल्या पोटकलमाखाली झाला ते बघा. उलट 'कॅरेक्टर'चा रकाना मात्र नीट वाचा. नागरी माणसाला 'गुड' हा शेरा चांगला वाटतो. फौजी डोळा 'एक्झेम्प्लरी' (आदर्श) किंवा 'व्हेरी गुड' शोधतो आणि नुसतं 'गुड' दिसलं की पुढचं पान उलटतो.

बडतर्फी ही या सगळ्यापलीकडची बाब, आणि कायदाही तिला वेगळं वागवतो. लोकप्रतिनिधित्व कायदा १९५१ च्या कलम ९ प्रमाणे भ्रष्टाचार किंवा राज्याशी बेइमानी या कारणानं बडतर्फ झालेला सरकारी सेवक पाच वर्षं अपात्र असतो. बडतर्फ होऊन पाच वर्षं झाली नसतील, तर कारण या दोन्हींपैकी नव्हतं असं निवडणूक आयोगाचं प्रमाणपत्र कलम ३३(३) प्रमाणे अर्जासोबतच जोडावं लागतं. २०१९ साली वाराणसीत सीमा सुरक्षा दलातून बडतर्फ झालेल्या तेज बहादूर यादव यांचा अर्ज याच कागदाअभावी बाद झाला. पुढे नोव्हेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयातही त्यांचं अपील फेटाळलं गेलं. आपल्याकडे अर्ज भरून देणाऱ्या वकिलांनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी. छाननीच्या दिवशी दिल्लीहून प्रमाणपत्र आणता येत नाही.

आता शब्द. 'माजी सैनिक' हा सरकारी व्याख्येतला शब्द आहे. आजच्या व्याख्येत मुख्यतः पेन्शन घेऊन आलेला, लष्करी सेवेमुळे आलेल्या अपंगत्वावरून सुटलेला, सैन्यबळ कमी केल्यानं सोडलेला, किंवा ठरलेली मुदत पुरी करून ग्रॅच्युइटीवर आलेला माणूस बसतो. जुन्या काळात सुटलेल्यांना निकष वेगळे आहेत. जवानाला पेन्शनसाठी १५ वर्षं सेवा लागते, अधिकाऱ्याला २०. नऊ वर्षांनी स्वतःच्या अर्जावर आलेला माणूस नऊ वर्षं सैनिक होता, यात शंका नाही. पण तो व्याख्येनं 'माजी सैनिक' नाही आणि जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचं ओळखपत्र त्याला मिळत नाही. त्याच्याबद्दल 'सैन्यात नऊ वर्षं सेवा' असं लिहावं. ते खरंही आहे आणि मानाचंही. सीआरपीएफ, बीएसएफ, सीआयएसएफ, आयटीबीपी ही दलं गृह मंत्रालयाखाली येतात. काश्मीर आणि छत्तीसगडमध्ये वीस वर्षं काढून आलेला सीआरपीएफचा हवालदारही या व्याख्येत नसतो. त्याच्या सेवेत काडीचंही कमी नाही, पण फलकावर 'भारतीय सैन्य' लिहिलं तर ते चूकच. अग्निवीर भरतीची अग्निपथ योजना जून २०२२ मध्ये आली आणि तिची मुदत चार वर्षांची. त्यातून बाहेर पडणारे तरुण लवकरच गावोगावच्या राजकारणात येतील, तेव्हा त्यांच्यासाठी कुठला शब्द वापरायचा हे वर्तमानपत्रांनी आत्ताच ठरवावं.

हुद्द्यांवरून होणारी भांडणं तर टाळण्यासारखीच आहेत. फलकावर 'कॅप्टन' दिसलं की दोन शक्यता असतात. एक, कमिशन घेतलेला अधिकारी. दोन, सुभेदार मेजर किंवा सुभेदार म्हणून अठ्ठावीस-तीस वर्षं काढलेला आणि २६ जानेवारी किंवा १५ ऑगस्टच्या यादीत मानद कमिशन मिळालेला जेसीओ. दुसऱ्यानं 'मानद कॅप्टन' लिहावं. त्यात कमीपणा नाही. पलटणीत शिपाई म्हणून शिरून तिथवर पोचणारे फार थोडे असतात. नंबरावरून फरक ओळखता येतो : आयसी म्हणजे कायम कमिशन, एसएस म्हणजे शॉर्ट सर्व्हिस, जेसी म्हणजे जेसीओ, टीए म्हणजे टेरिटोरियल आर्मीचा अधिकारी. टेरिटोरियल आर्मीत खेळाडूंना मानद हुद्देही देतात. कपिलदेव आणि महेंद्रसिंह धोनी असे मानद लेफ्टनंट कर्नल आहेत. लिहिण्याची रीत अशी : हुद्दा आधी, मग नाव, मग कंसात निवृत्त. माणूस निवृत्त होतो, हुद्दा नाही.

हंगामी हुद्दा आणि पेन्शनचा हुद्दा यांतही तफावत पडू शकते. अमेरिकेत २०२४ साली उपाध्यक्षपदाचे उमेदवार टिम वॉल्झ यांच्यावर हाच वाद झाला. नॅशनल गार्डमध्ये २४ वर्षं काढलेल्या या माणसानं कमांड सार्जंट मेजर हा हुद्दा सांभाळला होता. पण त्यासाठीचा अभ्यासक्रम पुरा न झाल्यानं निवृत्ती मास्टर सार्जंट म्हणून झाली. प्रचाराच्या परिचयातली ओळ पुढे बदलावी लागली. 'हुद्दा सांभाळला' आणि 'त्या हुद्द्यावर निवृत्त' ही दोन वाक्यं सुरुवातीलाच वेगळी लिहिली असती, तर वादाला जागा उरली नसती. आपल्याकडे पेन्शनचा हुद्दा पीपीओवर, म्हणजे पेन्शनच्या आदेशावर, स्वच्छ छापलेला असतो. भूदलाचा पीपीओ प्रयागराजहून निघतो.

पदकांच्या बाबतीत मात्र आपली वर्तमानपत्रं फार चुकतात. छातीवर आठ पदकं म्हणजे आठ पराक्रम नव्हेत. नऊ, वीस आणि तीस वर्षांच्या सेवेची पदकं असतात. स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या आणि पन्नासाव्या वर्षाचं पदक त्या दिवशी सेवेत असलेल्या सगळ्यांना मिळालं. शौर्याची पदकं मोजकी : परमवीर, महावीर आणि वीर चक्र, अशोक, कीर्ती आणि शौर्य चक्र, मग सेना पदक. यातलं सेना पदकही दोन प्रकारचं असतं, शौर्यासाठी आणि कर्तव्यनिष्ठेसाठी. 'मेन्शन इन डिस्पॅचेस' (लष्करी अहवालातला नामोल्लेख) हे पदक नव्हे, पण शौर्याचाच उल्लेख आहे. शौर्य पुरस्कार राजपत्रात, भाग १ विभाग १ मध्ये राष्ट्रपती सचिवालयाच्या अधिसूचनेनं जाहीर होतात आणि गॅलंट्री अवॉर्ड्सच्या सरकारी संकेतस्थळावर नावानं शोधता येतात. दहा मिनिटांचं काम आहे. 'पराक्रम पदक' या नावानं हमखास फसायला होतं. ते पूर्वीचं 'वूंड मेडल', म्हणजे शत्रूच्या थेट कारवाईत जखमी झालेल्याचं पदक. त्याचा मान मोठा आहे, पण तो शौर्य पुरस्कार नाही.

कारगिलचं तर नेमकं ओळखता येतं. 'ऑपरेशन विजय स्टार' हे प्रत्यक्ष त्या रणक्षेत्रात असलेल्यांचं, 'ऑपरेशन विजय मेडल' हे त्या काळात इतरत्र हलवलेल्या, तैनात केलेल्या फौजेलाही मिळालेलं. १९७१ च्या लढाईतही 'पूर्वी स्टार' आणि 'पश्चिमी स्टार' ही रणक्षेत्रातल्यांची, 'संग्राम मेडल' पुष्कळ मोठ्या वर्तुळाचं. उमेदवार द्रास-बटालिकमध्ये होता की राजस्थानच्या सीमेवर, हे पदकांच्या यादीतल्या एका शब्दावरून कळतं. पलटण कारगिलला होती म्हणून माणूसही तिथे होता असं नसतं. कुणी ट्रेनिंग सेंटरवर, कुणी कोर्सला, कुणी सुट्टीवर असतो. प्रत्येकाची बदली, सुट्टी, लग्न, शिक्षा सगळं 'पार्ट टू ऑर्डर' या पलटणीच्या नोंद-आदेशात उतरतं आणि तिथून शीट रोलवर, म्हणजे त्याच्या सेवापत्रकावर, चढतं.

'सीमेवर नव्हता' हा टोमणा मात्र थांबवावा. ड्रायव्हर, सिग्नलमन, स्वयंपाकी, न्हावी, क्लार्क, मेकॅनिक यांच्याशिवाय पलटण दोन दिवसही उभी राहत नाही. सियाचीनच्या पायथ्याशी रसद पोचवणारा ड्रायव्हर ज्या रस्त्यावरून जातो, तिथे हिमकडा आणि दरी ट्रेड विचारत नाहीत. जावळी तालुक्यातल्या केडंब्याचे तुकाराम ओंबळे सैन्यात सिग्नल्समध्ये होते. त्यांना मरणोत्तर अशोक चक्र मिळालं ते मुंबई पोलिसांत असताना, २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्रीच्या कामगिरीबद्दल. ट्रेडवरून माणसाची किंमत करणाऱ्यांनी एवढं आठवावं. तसंच फौजी सेवा नाही म्हणून कुणी उमेदवार कमी ठरत नाही. नोव्हेंबर १९६२ मध्ये चीन युद्धाच्या पडझडीत संरक्षण खातं हाती घेतलं ते देवराष्ट्र्याच्या यशवंतराव चव्हाणांनी, आणि ते कधी सैन्यात नव्हते.

हे कागद मागायचे कुणाकडे? माहिती अधिकारात लष्कराच्या अभिलेख (रेकॉर्ड) कार्यालयाला दुसऱ्याच्या सेवेबद्दल अर्ज केला तर बहुधा नकार येतो. कलम ८(१)(ञ) खाली ती वैयक्तिक माहिती ठरते, २०१२ साली सर्वोच्च न्यायालयानं कर्मचाऱ्यांच्या सेवा नोंदींबद्दल तसंच म्हटलं आहे आणि २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यानं ते कलम आणखी घट्ट केलं. बीएसएफ आणि सीआरपीएफ तर त्या कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत असल्यानं जवळजवळ बाहेरच आहेत. म्हणून कागद उमेदवारानंच दाखवायचा. त्याला स्वतःची प्रत स्वतःच्या अभिलेख कार्यालयातून मिळते : मराठा लाइट इन्फन्ट्रीची बेळगावहून, महार रेजिमेंटची सागरहून, तोफखान्याची नाशिक रोडहून, बॉम्बे सॅपर्सची खडकीहून, सिग्नल्सची जबलपूरहून, ईएमईची (विद्युत आणि यांत्रिकी अभियंत्यांच्या दलाची) सिकंदराबादहून.

कायद्यातली खरी फट नमुना २६ मध्ये आहे. उमेदवाराच्या शपथपत्रात गुन्हे, मालमत्ता, कर्ज, शिक्षण विचारतात, पण लष्करी सेवेचा रकानाच नाही. फलकावरचा खोटा दावा लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२५अ मध्ये येत नाही. ते कलम शपथपत्रातल्या खोट्या माहितीपुरतं आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड, किंवा दोन्ही. कलम १२३(४) हे प्रतिस्पर्ध्याच्या चारित्र्याबद्दल जाणूनबुजून खोटं छापण्याविरुद्ध आहे, स्वतःच्या बढाईविरुद्ध नाही. यावर उपाय सोपा आहे. नमुन्यात व्यवसायाचा रकाना असतो. तिथे उमेदवारानं 'निवृत्त हवालदार, भूदल' आणि सेवेची वर्षं लिहिली की दावा शपथेवर येतो. उत्पन्नाच्या स्रोतातही बघा. वीस वर्षांच्या सेवेचा दावा आहे आणि तिथे निवृत्तिवेतन नाही, तर का नाही हे विचारलंच पाहिजे. निवडणूक निर्णय अधिकारी रकाने भरलेत का ते पाहतो, खरे आहेत का ते नाही. पण विरोधात कुणी प्रतिशपथपत्र दिलं तर तेही त्याच्या कार्यालयाच्या सूचना फलकावर लावलं जातं. व्हॉट्सअॅपवर कुजबुजण्यापेक्षा तो मार्ग धरावा.

व्हॉट्सअॅपवर फिरणाऱ्या 'युनिटच्या पत्रा'बद्दल विशेष सांगतो. २००४ साली अमेरिकेत सीबीएस वाहिनीनं जॉर्ज बुश यांच्या एअर नॅशनल गार्डमधल्या सेवेबद्दलची टंकलिखित पत्रं दाखवली आणि ती खरी असल्याचं सिद्ध करता न आल्यानं त्याच महिन्यात माफी मागितली. छायाप्रतीवरून छापलेलं मागे घेता येत नाही. पत्रावर जावक क्रमांक, तारीख, सही करणाऱ्याचा हुद्दा आहे का, पलटण त्या साली त्या ठिकाणी होती का, हे बघेपर्यंत छापू नये. जन्मतारखेच्या फरकावरून मात्र खोटेपणा ठरवू नका. जनरल व्ही. के. सिंह लष्करप्रमुख असतानाही लष्कराच्याच दोन शाखांत त्यांचं जन्मवर्ष १९५० आणि १९५१ असं वेगवेगळं होतं, आणि २०१२ साली वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. भरतीच्या वेळी शाळेचा दाखला आणि तोंडी सांगितलेली तारीख यांत फरक पडलेले जवान आपल्याकडे किती तरी आहेत.

आपल्या वर्तमानपत्राला विनंती अशी. अर्ज मागे घेण्याची मुदत संपली की सेवेचा दावा करणाऱ्या प्रत्येक उमेदवाराकडून, मग तो कुठल्याही पक्षाचा असो, पाच ओळी मागाव्यात : दल आणि रेजिमेंट, भरतीची आणि सेवा संपल्याची तारीख, शेवटचा हुद्दा, सेवा संपण्याचं कारण पुस्तकातल्याच शब्दांत, पदकं. सोबत डिस्चार्ज बुकाच्या त्या पानांची प्रत. छापताना पूर्ण नंबर, पीपीओ क्रमांक, बँक खातं, कुटुंबाचा तपशील झाकावा. बोर्डआऊट असेल तर आजाराचं नाव विचारू नये. जो देणार नाही त्याच्या नावापुढे 'कागद दिले नाहीत' एवढंच लिहावं. प्रचारातल्या गणवेशातल्या छायाचित्रांबद्दल आयोगानं ४ डिसेंबर २०१३ रोजी पक्षांना सूचना दिली आणि ९ मार्च २०१९ रोजी पुन्हा बजावलं : संरक्षण दलांतील व्यक्तींची छायाचित्रं प्रचारात वापरू नयेत. अशा फलकांची जाहिरात आपणही घेऊ नये. सैनिक नसताना सैनिक भासावं म्हणून गणवेश घालणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १६८ खाली गुन्हा आहे, हेही जाहिरात विभागाला माहीत असावं.

आणि ज्यांना उभं राहायचं आहे त्यांना एक सूचना. पेन्शन नसलेल्यांची सेवा कागदपत्रं अभिलेख कार्यालयात २५ वर्षं ठेवतात, नंतर नष्ट करतात. उरतो तो लाँग रोल, त्यात नाव, नंबर आणि मोजक्याच नोंदी असतात. १९९० च्या दशकात सुटून आलेल्यांची मुदत उलटली आहे, त्यानंतर सुटलेल्यांचीही उलटत आली आहे. पुस्तक हरवलं असेल, वाळवीनं खाल्लं असेल, तर पोलिसांत नोंद करून प्रतिज्ञापत्रासह नंबर, नाव, भरतीचं साल आणि पलटण लिहून अर्ज आत्ताच टाका, स्पीड पोस्टानं, आणि एक प्रत जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात द्या. आचारसंहिता लागल्यावर टाकलेल्या अर्जाचं उत्तर मतमोजणीनंतर येतं.

आपला,
अभिलेख कार्यालयातून निवृत्त झालेला एक वाचक,
कोरेगाव, जि. सातारा